पन्हाळ्याच्या चढाला गाडी दमली, म्हणून पॅक मेला असे नव्हे

कोल्हापुरात जुनी इलेक्ट्रिक गाडी बाळगणाऱ्यांमध्ये एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘गाडी सात-आठ वर्षांची झाली आणि चढावर ताकद तोडू लागली की बॅटरी मेली. मीटर लावून दाब (व्होल्टेज) ठीक दिसला तरी भुलू नये. महिनाभर रोज पूर्ण रिकामी करून चार्ज करावी. फरक पडला नाही तर सगळा पॅक बदलावा, नाहीतर गाडी भंगारात द्यावी.’ यातले मीटरविषयीचे वाक्य तेवढे खरे आहे, तेही चुकीच्या कारणाने. बाकीचे लोकांना खड्ड्यात घालणारे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ताकद तोडते ती बॅटरी नव्हे, तर तिच्यावर पहारा करणारी बीएमएस ही यंत्रणा. आणि ती पॅकच्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या सेलच्या संचाच्या, सरासरीकडे नव्हे, तर सर्वांत अशक्त सेलकडे पाहून निर्णय घेते. माणसांसह १२०० किलो भरणारी छोटी गाडी शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने न्यायची, तर नुसते वजन वर उचलायलाच जवळपास ८ किलोवॅट लागतात. ४८ व्होल्टच्या पॅकमधून त्यासाठी १६० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढावा लागतो आणि चाकांचे घर्षण व इतर तूट धरली की तो २०० च्या घरात जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळा, एक मिलीओहम असेल, तर २०० अँपिअरला त्याचा दाब ०.२ व्होल्टने बसतो. तोच रोध चार मिलीओहम झाला, तर ०.८ व्होल्टने बसतो, म्हणजे ३.२५ वरून थेट २.४५ वर येतो. अशा सेलची खालची मर्यादा साधारण २.५ व्होल्ट असल्यामुळे बीएमएस त्या क्षणी प्रवाह आवळते. रंकाळ्याभोवती फिरताना हीच गाडी कुरकुरत नाही, याचे कारण तिथे एवढा प्रवाह लागतच नाही.

आता हा वाढलेला रोध सेलच्या पोटातच असतो असे मजकूर लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे. माझ्या गाडीचा अनुभव वेगळा आहे. दोन पावसाळ्यांनंतर पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या पुढे ती दम टाकू लागली, तेव्हा एका ठिकाणी मला नव्या पॅकचा भाव सांगण्यात आला. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी मात्र आधी चढावर सेलनिहाय दाब पाहिला. सोळापैकी पंधरा सेल ३.१ व्होल्टच्या आसपास होते आणि एक २.६ वर आला होता. त्यांनी तेवढ्यावर निकाल दिला नाही. गाडी चार्जिंगला लावली आणि ४० अँपिअर आत जात असताना तोच सेल इतरांपेक्षा सुमारे ०.१ व्होल्ट वर दिसतो हे दाखवले. भार असताना खाली आणि चार्जिंगला वर, ही रोधाची खूण आहे. क्षमता घटलेला सेल असा वागत नाही. तो बराच वेळ इतरांच्या बरोबरीने चालतो आणि शेवटाकडे एकदम कोसळतो. गळका, म्हणजे आतल्या आत चार्ज गमावणारा सेल तर गाडी चार-सहा दिवस उभी राहिली की आपोआप मागे पडलेला आढळतो. माझ्या पॅकमध्ये बसबारच्या, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, एका जोडावर काळपट थर चढला होता. दोन-तीन मिलीओहमचा असा जोड २०० अँपिअरला शंभर वॅटच्या आसपास उष्णता सोडतो, त्यामुळे नटाखालचे वॉशरही रंग बदलून बसले होते. जोड घासून टॉर्क पान्याने आवळल्यावर तोच सेल चढावर ३.०५ ला थांबला.

मीटरचे वाक्य खरे का, तेही यातूनच कळते. सोळा सेलपैकी पंधरा ३.३ वर आणि एक २.९ वर असला, तरी एकूण दाब ५२.८ ऐवजी ५२.४ व्होल्ट दिसतो, आणि उभ्या गाडीवर तो फरक कोणाच्याही नजरेतून सुटतो. दोष मीटरचा नाही, दोन टोकांवर मोजण्याचा आहे.

‘पूर्ण रिकामी करा’ हा सल्ला तर उलटा आहे. पॅक तळाला नेला की अशक्त सेल सर्वांत आधी मर्यादेखाली जातो आणि आणखी खराब होतो. या प्रकारच्या सेलचा दाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे शिल्लक चार्जचा अंदाज हळूहळू चुकत जातो. तो पूर्ण चार्जच्या टोकाला दुरुस्त होतो आणि बहुतेक गाड्यांत सेल समतोल होण्याचे कामही तिथेच, अगदी लहान प्रवाहाने चालते. म्हणून गाडी भरल्यावर काही तास प्लग तसाच ठेवणे उपयोगी पडते.

तापमानाचा संवेदकही तपासावा. त्याची तार तुटली की काही गाड्यांत उणे ४० अंश दिसते, आणि कोल्हापुरात उणे ४० वाचणाऱ्या बीएमएसने ताकद तोडली तर तिला दोष कसा द्यावा?

पॅक खरोखर म्हातारा होतो, हेही मान्य आहे. पण ते ठरवायचे तर पूर्ण भरलेल्या पॅकमधून मोजून किती अँपिअर-तास निघतात हे पाहावे, आणि सगळेच सेल सारखे मागे पडले असतील तरच पूर्ण बदलाचा विचार करावा. ते करण्याआधी वॉरंटीचे कागद काढावेत: जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरची हमी होती. शिवाय तिचा पॅक ३०० व्होल्टच्या वरचा आहे. तिथे मिस्त्री कितीही हुशार असला, तरी त्या कामाचे प्रशिक्षण आणि विद्युतरोधक रबरी हातमोजे नसतील तर झाकण उघडू देऊ नये. ४८ व्होल्टच्या पॅकवरही पाना दोन बसबारवर आडवा पडला, तर तो जागीच वितळू शकतो.