शाळेत सेवेला जाताय? आधी बाईंना विचारा

पाऊस लागला की आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. दाभोसा धबधब्याचे व्हिडिओ, आणि "यंदा जव्हारच्या शाळेत वह्यावाटपाला कोण कोण येतंय?" दोन्हींची तारीख एकच. सकाळी सेवा, दुपारी धबधबा. धबधब्याला माझी हरकत नाही, मलाही आवडतो. पण एप्रिलमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर पाण्याचे टँकर फिरत असतात तेव्हाही शाळा चालू असते. तेव्हा ग्रुप गप्प.

पालघर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी बऱ्याच वर्षांपासून जाते. चौथीपर्यंतची, द्विशिक्षकी. त्यामुळे पाहुण्यांकडे बघायची माझी नजर आता थोडी घरच्यांची झालीय. पंचवीस जणांची बस येणार असली की आदल्या दिवशी स्वागतगीताची तालीम. त्या दिवशी मुलं गुलाबाचं एकेक फूल घेऊन रांगेत. बस घाटात अडकली तर तशीच उभी. मग ओळख, भाषण, वह्या, खाऊ, फोटो. कोणाचे डोळे मिटले म्हणून परत फोटो. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाला चार तास. त्या दिवसाचे चारही आपण खाल्ले, कारण दोन्ही शिक्षक आपल्या सरबराईत. पोषण आहाराची खिचडी पातेल्यात तशीच, पोरांची पोटं वेफर्सनी भरलेली. शिजवणाऱ्या ताई काय म्हणत असतील, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भिंती रंगवायची हौस हा वेगळाच विषय. एका कंपनीच्या मंडळींनी पहिलीच्या वर्गात फुलपाखरं काढली. छान काढली. फक्त जिथे काढली तिथे, जमिनीपासून हातभर उंचीवर, बाईंनी स्वतः रंगवलेली बाराखडी होती. मांडी घालून बसलेल्या पोराच्या बरोबर नजरेसमोर येईल अशी. बाई बोलल्या नाहीत. कशा बोलणार? छपराचे पत्रे बदलायला याच मंडळींकडे हात पसरायचा असतो.

मग जाऊच नये का? जा की! पण एका मुलाशेजारी बसून त्याचं वाचन ऐका. या मुलांच्या घरी वारली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना निम्मी परकीच. गेल्या हिवाळ्यात तिसरीतली एक मुलगी माझ्याजवळ बसायची. बोट ओळीखाली. "कमळ", "पाटी", "विहीर" धडाधड. "प्रकाश" आला की बोट थबकायचं, आणि बाईसाहेब हळूच पान उलटायच्या, जसा काही धडाच संपला! अशा वेळी ओरडायचं नाही, शब्द सांगून टाकायचा नाही, नुसतं थांबायचं. दोन-दोन वर्ग एकदम सांभाळणाऱ्या बाईंना ते थांबणं परवडत नाही. आपल्याला परवडतं, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून स्वयंसेवक घरोघरी जाऊन हेच बघत आलेत: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, यात मूल कुठे अडतं. त्याला डीएड लागत नाही.

मात्र पुढच्या खेपेला तोच माणूस यायला हवा. दर वेळी नवी ताई आली तर पोरं नाव सांगण्यात आणि लाजण्यातच वेळ घालवतात. एनएसएसची, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची, कल्पना मला म्हणूनच पटते. १९६९ पासून चालू आहे, आणि त्यात सात दिवस गावातच मुक्काम, तोही शक्यतो दत्तक घेतलेल्या गावात. आमच्या शिबिरात आम्ही शाळेच्याच वर्गात झोपायचो, शोषखड्डे खणायचो, आणि तिसऱ्या दिवसापासून पोरं आम्हाला आमच्याच नावांवरून चिडवायची.

आणि ते फोटो. उद्या कोणी अनोळखी माणूस आपल्या सोसायटीत शिरला, आपल्या पोरांचे फोटो काढले आणि "किती निरागस, किती कमी गरजा" असं लिहून टाकले, तर आपण पोलिसांत जाऊ. पाड्यावरच्या आईबापांना कोणी विचारलंय का?

आमचं सध्या एवढंच चालतं. महिन्यातून एक शनिवार, चार माणसं, एक गाडी. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून ठाण्याहून शुक्रवारी रात्रीच निघतो. कोणत्या मुलांबरोबर बसायचं ते बाई आधी कळवतात. बॅनर नाही, खाऊ नाही, फोन गाडीत. आमच्यातल्या दोघांची बदली झाल्यामुळे दोन जागा रिकाम्या आहेत. मार्चपर्यंत दर महिन्याला नक्की येणार असाल तरच इनबॉक्स करा.