मैद्यासारखी वाळू मागवण्याआधी हे वाचा

‘गिलाव्याला भेगा नकोत? वाळू मैद्यासारखी बारीक घ्या, सिमेंट सढळ हाताने घाला, चिकटपणासाठी थोडी माती राहू द्या, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) कमजोर असते म्हणून टाळा.’ हा मेसेज फिरत फिरत मेहुण्यापर्यंत पोचला आणि त्याने तो थेट गवंड्यालाच वाचून दाखवला. आता बोलणं भाग आहे.

सगळ्यात घातक मुद्दा बारीक वाळूचा. मालात, म्हणजे सिमेंट, वाळू, पाण्याच्या मिश्रणात, आटतो तो सिमेंट-पाण्याचा लगदा. वाळू त्या आटण्याला आडवी येते. काँक्रीटचे अभ्यासक जेराल्ड पिकेट यांनी 1956 मध्ये याचं सूत्रच मांडलं: लगद्याचा हिस्सा घटला की आकुंचन त्याहून वेगाने घटतं. त्यांच्या सूत्रात लगद्याच्या हिश्शावर चढणारा घातांक 1.7 धरला, तर आकारमानाने निम्मी वाळू असलेला माल नुसत्या लगद्याच्या 31 टक्केच आटतो. 60 टक्के वाळू असेल तर 21 टक्के. आता कण निम्म्या मापाचा करा. तेवढ्याच वजनाच्या वाळूचं पृष्ठफळ दुप्पट होतं आणि ते भिजवायला पाणी जास्त लागतं. माल थापीला घट्ट लागला की गवंडी डबाभर पाणी ओततोच. ते उडून गेलं की मागे छिद्रं राहतात. ताकद घटते, आटणं वाढतं. शिवाय सगळे कण एकाच मापाचे असले की मधल्या पोकळ्या भरायला लगदाही जास्त खर्ची पडतो. म्हणून जाड-बारीक मिसळ हवी.

बारीक वाळूने हात गुळगुळीत फिरतो, हे मान्य. शेवटच्या पातळ हातापुरती ती घ्या की! पण खालच्या जाड थरात कशाला?

सिमेंट सढळ घातलं तर ताकद वाढते, खरंय. पण लगदा वाढला म्हणजे आटणंही वाढलं, आणि मागची भिंत काही त्याच्याबरोबर आटत नाही. ताण गिलाव्यावर येतो, तो भेगाळतो.

मातीचं तर बोलायलाच नको. चिकण माती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि कणावर तिचं पुट असलं की सिमेंटची पकड बसत नाही. काचेच्या बरणीत वाळू, पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि ठेवून द्या; वर बसलेला गाळाचा थर डोळ्यांनी दिसेल.

राहिली क्रश सँड. तिचे कोनदार कण एकमेकांत चांगले अडकतात, त्यामुळे सरसकट कमजोर म्हणणं चूक. तक्रार करायचीच तर दगडाच्या भुकटीची करा. ती फार असली की पाणी मागते, पण धुऊन कमी करता येते.