बी-ए-आर-ए

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, तीन दिवस आधी मी परभणीच्या साडूंना मेसेज टाकला, "येळवसला शेतावर या. सगळे या." अर्ध्या तासानं उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, दोनच शब्द. पहिल्याचं स्पेलिंग बी-ए-आर-ए, दुसरा 'येऊ'.

मी वाचलं, 'बारा येऊ'.

त्यांचं घर एकत्र कुटुंबाचं. तीन भाऊ, बायका, पोरं, आईवडील; मोजले तर बाराच्या वरच भरतील. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारी माणसं, एकटीदुकटी कशाला येतील? बायकोनं माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि म्हणाली, "बारा वाजता येऊ म्हणालेत." आईला बारीक अक्षर दिसत नाही. तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि म्हणाली, "आरं, 'बरं, येऊ' म्हणले आसतील. फोन लावून इचार की."

फोन लावून काय विचारू? किती जण येऊलालात? आमच्या लातूरकडं पाहुण्याला हे विचारणं म्हणजे ताट वाढायच्या आधी भाकरी मोजून दाखवणं. म्हणून मी चलाखी केली. लिहिलं, "मोठी गाडी करून येताय का?" दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तरात एक पिवळा अंगठा आला. अंगठा म्हणजे हो, का वाचलं, का गप बसा?

या इंग्रजी अक्षरांच्या नादी आपण लागलो ते एसएमएसमुळं. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ला इंग्लंडात गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. एका एसएमएसात इंग्रजी अक्षरं मावायची १६०. देवनागरीत लिहिलं की एकदम ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. 'येळवस' लिहिताना डोळ्यांना दिसतात चार अक्षरं, फोन मोजतो पाच. मराठी माणूस काटकसरी. त्यानं मात्राच सोडून दिली. आता मेसेजला मोजमाप राहिलं नाही, देवनागरीही फोनवर फुकट आहे, पण खोड काही गेली नाही.

त्यातून 'बरं' हा शब्द मुळात लिहायचा नव्हेच, तो ऐकायचा. उसने पैसे मागितल्यावर समोरच्याच्या तोंडातून निघतं ते 'बरं' जमिनीवर पडतं. कुणाची भानगड ऐकताना 'बरंऽऽ' वर वर चढत जातं. फोनवर 'बर बर बर बर' सुरू झालं की समजायचं, गॅसवर दूध ठेवलेलं आहे. आणि आईचं एकच तुटकं 'बरं' आलं, की मी दोन दिवस नीट वागतो. मेसेजातलं 'बरं' म्हणजे मीठ न घातलेली आंबील.

शेवटी बाराच्या हिशेबानंच तयारी केली. भज्जीसाठी वाटाणा, पावटा, तूर, हरभरा सोलता सोलता रात्रीचे अकरा वाजले. मोठं पातेलं शेजाऱ्यांकडून आणलं. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबिलीची दोन मडकी. येळवशीला लातूर शहर सकाळीच ओस पडतं. जो तो डोक्यावर नाहीतर डिकीत मडकं घेऊन शेताकडं निघतो. आम्हीही गेलो. कडब्याच्या कोपीत पांडव पुजून झाले, रानात आंबील शिंपडून झाली. बारा वाजले. बायको रस्त्याकडं बघत होती. एक वाजला.

दोनच्या सुमाराला बांधावरून साडू आले. एकटे. हातात पिशवी.

मी त्यांच्या मागं बघितलं. "बाकीचे?"

"कोण बाकीचे? पोराची परीक्षा हाय, ती दोघं घरीच. मी लिहिलतं की, 'बरं, येऊ' म्हणून."

"एकट्यानं 'येऊ' म्हणतात का?"

"मग काय 'येतो' म्हणून पक्कं करू? आपल्याकडं 'येऊ की' असंच म्हणतेत."

आई म्हणाली, "बरं." तेच, तुटकं. ते तिनं माझ्याकडं बघून म्हटलं.

जेवणं झाल्यावर आम्ही लिंबाखाली तीन तास बसलो. दोन वर्षांत फुलांच्या 'शुभ सकाळ'पलीकडं आमच्यात काही गेलं-आलं नव्हतं. बोलता बोलता कळलं, त्यांची हिंगोलीला बदली होऊन आठ महिने झालेत. तीन भावांचं एकत्र घर माझ्या हिशेबातच उरलं होतं.

"सांगितलं नाही ते?" मी जरा रागानंच म्हणालो.

"मेसेज टाकलता की."

मी शोधला. खरंच होता. त्याच्याखाली माझा अंगठा होता.

संध्याकाळी उरलेली भज्जी आणि उंडे चार डब्यांत बांधून त्यांना दिले. रात्री मेसेज आला, 'पोचलो. रविवारी डबे घेऊन येऊ', आणि शेवटी बी-ए-आर-ए, पुढं 'का'.

बायको काही बोलली नाही. उठून पिठाचा डबा उघडून बघितला. मी उत्तरासाठी बोट पुढं केलं, अंगठ्याच्या चित्रावर टेकणार, तेवढ्यात आईनं हातावर चापट मारली.

"आधी फोन लाव."