गाडी माझी, मग बदल कोणाला विचारून केलात?

इलेक्ट्रिक गाडी घेऊ का, असं आता कोणी विचारलं की मी रेंज, चार्जर आणि वॉरंटीवर बोलत बसत नाही. ते शोरूममधला पोरगासुद्धा सांगतो, आणि बरंचसं खरं सांगतो. मी एवढंच म्हणतो की पैसे भरायच्या आधी एक प्रश्न विचारा: सॉफ्टवेअर अपडेट टाकल्यावर गाडीत काय बदललं, हे मला लेखी देणार का? पोरगा मॅनेजरकडे बघतो. मॅनेजर हसतो. "सर, मोबाईलसारखंच असतं ते, आपोआप होतं."

इथेच माझं बिनसतं. मोबाईल अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाने चार माणसं घेऊन धावत नाही.

नोकरीची सगळी वर्षं मी बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. कंट्रोल सिस्टीममधला एखादा टायमर तीन सेकंदांचा पाच सेकंद करायचा असला तरी आधी एमओसीचा, म्हणजे मॅनेजमेंट ऑफ चेंजचा, कागद भरावा लागायचा. काय बदलतोय, का बदलतोय, त्यातून काय बिघडू शकतं, जुन्यावर परत कसं यायचं आणि पुढच्या शिफ्टला कोणी सांगितलं. तो शेवटचा रकाना रिकामा दिसला की आमचे साहेब कागद तसाच परत पाठवायचे. नव्या पोरांना ही कटकट वाटायची, मग त्यांना फ्लिक्सबरो सांगायचं. 1974 साली इंग्लंडमधल्या त्या केमिकल कारखान्यात एका रांगेतल्या सहा रिअ‍ॅक्टरांपैकी पाचवा तडकला म्हणून काढला आणि त्याच्या जागी तात्पुरता पाइप बसवला. पाइपचं गणित कोणी नीट मांडलंच नाही. 1 जूनला तो फुटला आणि 28 माणसं गेली. इथे कोयली, नंदेसरी, दहेजला काम केलेले बरेच जण वाचत असतील, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

कारचं अपडेट म्हणजे फ्लिक्सबरो, असं मी म्हणत नाही, उगाच कमेंटमध्ये भांडू नका. पण ब्रेक, मोटर आणि बॅटरी चालवणारं लॉजिक कोणीतरी दूर बसून बदलतं आणि ते रोज वापरणाऱ्याला सांगितलं जात नाही, ही पद्धत आमच्या प्लांटमध्ये एक दिवस खपली नसती.

आमच्या घरचंच सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांची गाडी असलेल्या मित्रांकडूनही मी असंच ऐकतो. इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनरेटरसारखी चालते, थोडी वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी हळू होते. याला सगळे रीजन म्हणतात. किती जोरात धरायचं याच्या पातळ्या असतात. आमची सौ. मांजलपूरहून रावपुऱ्यात कामाला जाते आणि रोजची गाडी तीच चालवते. एका अपडेटनंतर संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "पाय उचलला की गाडी आता जास्त धरते, मागचा स्कूटरवाला आदळता आदळता राहिला." मी चालवून बघितली, तिचं म्हणणं शंभर टक्के खरं. पातळीचा आकडा तोच, धरणं वेगळं. स्क्रीनवरच्या सूचनेत काय होतं? "कामगिरीत सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या." सर्व्हिस सेंटरवर विचारलं तर अ‍ॅडव्हायझर शांतपणे म्हणाला, "साहेब, हवे आवुं ज आवे छे." म्हणजे आता असंच येतं. वर चहा विचारला. माणूस चांगला आहे, पण त्याला तरी वरून कोणी काय सांगितलंय? जॉब कार्डवर लिहून दिलं, सॉफ्टवेअर अपडेट केले, ओके. आधीचं व्हर्जन कोणतं, नंतरचं कोणतं, काही नाही.

सकाळी कमाटीबागेत फिरताना हे बोललो तर एका गुजराती मित्राचं उत्तर ठरलेलं: "भाई, गाडी चाले छे ने? तो पछी शुं?" चालते हो. पण कशी चालते हे ड्रायव्हरच्या पायाला ठाऊक असतं, आणि तो पाय जुन्या सवयीवर असतो.

दुसरी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते: "अपडेटनंतर रेंज खाल्ली." इथे मी कंपन्यांची थोडी बाजू घेतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरी असते. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो. सत्तर टक्के असो की चाळीस, सेल साधारण सव्वातीन व्होल्टच दाखवतो. त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून बॅटरीत किती उरलंय ते कळत नाही. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत राहते, त्यात हळूहळू चूक साठते, आणि म्हणूनच अधूनमधून शंभर टक्के चार्ज करा असं सांगतात, म्हणजे मोजमाप ठिकाणावर येतं. अपडेटमध्ये हे गणित बदललं की तीच बॅटरी दुसऱ्या दिवशी वेगळा टक्का दाखवू शकते. बॅटरी जिथल्या तिथे असते, हललेला असतो तो अंदाज. त्यातून मे महिन्यातलं आपलं ऊन आणि सतत चालू एसी, म्हणजे रेंज तशीही कमीच दिसणार.

पण टक्का गणितामुळे हलला की कंपनीने खरोखर बॅटरीला मर्यादा घातली, हे मालकाने ओळखायचं कसं? काही साधन नाही. आणि मर्यादा घातल्या गेल्या आहेत. 2019 मध्ये शांघाय आणि हाँगकाँगला टेस्लाच्या उभ्या गाड्यांना आग लागली. त्यानंतर कंपनीने एक अपडेट पाठवलं आणि काही जुन्या मॉडेल एस गाड्यांचा कमाल व्होल्टेज कमी झाला, रेंज घटली. लोक अमेरिकेत कोर्टात गेले. 2021 मध्ये टेस्लाने 1,743 गाड्यांसाठी 15 लाख डॉलरवर तडजोड केली, बहुतेकांच्या वाट्याला 625 डॉलर आले. आता गंमत बघा. आगीचा धोका टाळायला व्होल्टेज कमी करणं हा इंजिनिअर म्हणून मला पटण्यासारखा निर्णय आहे. मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. पण मालकांना सरळ सांगून केलं असतं, तर निम्मे लोक वकिलाकडे गेलेच नसते.

त्याच वर्षी नॉर्वेमध्येही याच प्रकारच्या तक्रारीवर 30 मालकांना प्रत्येकी 1 लाख 36 हजार क्रोनर द्यावेत असा निर्णय झाला. तिकडचा ग्राहक जागा आहे, एवढंच म्हणतो.

अपडेट वाईट असतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने टेस्लाच्या मॉडेल 3 चे ब्रेक तपासले. ताशी 60 मैलांवरून थांबायला 152 फूट लागले म्हणून त्यांनी गाडीची शिफारस नाकारली. काही दिवसांत हवेतून, म्हणजे इंटरनेटवरून, अपडेट गेलं आणि तेच अंतर 133 फुटांवर आलं. 19 फूट कमी, पाना न लावता! वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो. आणि लगेच वाटलं, जे अंतर एका रात्रीत 19 फुटांनी कमी होतं, ते एखाद्या रात्री वाढूही शकतं, आणि आपल्याला पत्ता लागणार नाही.

आपल्याकडेही चांगलं उदाहरण आहे. टाटांनी 2023 च्या सुरुवातीला नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज 437 वरून 453 किलोमीटर केली, आणि आधी गाडी घेतलेल्यांनाही सर्व्हिस सेंटरवर तेच अपडेट दिलं. काय वाढलं, किती वाढलं, कधीपासून मिळेल, सगळं जाहीर. म्हणजे सांगता येतं. फायदा असला की आकड्यासकट सांगतात. कमी करताना मात्र "किरकोळ दुरुस्त्या".

बंद पडण्याचे किस्से वेगळेच. नोव्हेंबर 2023 मध्ये रिव्हियन या अमेरिकी कंपनीने चुकीच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटचं अपडेट सोडलं आणि गाड्यांचे स्क्रीन गेले. गाड्या चालत होत्या, पण वेग दाखवणारा स्क्रीनच काळा. आमच्या सोसायटीतल्या एका डॉक्टरांची गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये, जिथे नेटवर्क येतं आणि जातं. अपडेट अर्ध्यात अडकलं, सकाळी ओपीडीची वेळ आणि गाडी हलेना. शेवटी फ्लॅटबेडवरून वाघोडिया रोडला नेली. अशा वेळी सगळं खापर मोठ्या बॅटरीवर फुटतं, पण गाडीतले कॉम्प्युटर चालतात बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर, आणि ती मेली की पाऊण भरलेली गाडीसुद्धा ढिम्म. ह्युंदाईने 2024 मध्ये भारतातल्या 1,744 आयोनिक 5 परत बोलावल्या त्या याच भानगडीसाठी. बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या युनिटमध्ये दोष होता. म्हणून माझा साधा नियम: अपडेट रात्री लावायचं नाही, तळघरात लावायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं असेल तर हात लावायचा नाही.

नियमच नाहीत असंही नाही. संयुक्त राष्ट्रांचा आर156 नियम 2021 पासून आहे, आणि युरोपात जुलै 2024 पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला. अपडेट कशासाठी, काय बदलणार, किती वेळ लागणार, तेवढ्यात काय बंद राहणार, हे आधी सांगायचं. अर्ध्यात फसलं तर जुन्या व्हर्जनवर परत येता आलं पाहिजे, नाहीतर गाडी सुरक्षित अवस्थेत तरी राहिली पाहिजे. वाचताना मला आमचा एमओसीचा कागदच आठवला. आपल्याकडे त्याच धर्तीचं एआयएस-190 हे मानक आहे. फट एकच: "काय बदलणार" हे किती तपशिलात सांगायचं ते कंपनीच्या हातात राहिलं की मागच्या दाराने तीच ओळ येते, किरकोळ दुरुस्त्या.

आपल्या शेजारी हलोलला गाड्या बनतात. एके काळी तिथे शेवरोले बनायच्या, आता एमजीच्या इलेक्ट्रिक गाड्या. साणंदलाही कारखाना आहे. एवढा कारभार गुजरातेत असताना मालकाला चार ओळी मराठीत, गुजरातीत, हिंदीत मिळू नयेत हे मला पटत नाही. ब्रेक, रीजन, चार्जिंगचा वेग आणि बॅटरीची मर्यादा, या चारांपैकी कशालाही हात लावला असेल तर तेवढं वेगळं, ठळक लिहा. गाण्यांचं अ‍ॅप आणि स्क्रीनचे रंग खुशाल किरकोळमध्ये घाला.

मी एका पानाचा कागद तयार केलाय: अपडेटआधीचं व्हर्जन, नंतरचं व्हर्जन, या चार गोष्टींत बदल हो की नाही, अ‍ॅडव्हायझरची सही. पुढच्या सर्व्हिसला जॉब कार्डाला टाचून देणार आहे. मराठी आणि गुजराती दोन्हीत आहे, कोणाला हवा असेल त्याने कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. आणि ज्यांच्या जॉब कार्डवर व्हर्जन नंबर लिहून मिळालाय त्यांनी फोटो टाका, नंबर प्लेट आणि चॅसिस नंबर झाकून.