‘२१ दिवसांत नवा माणूस’ या मजकुराला उत्तर

दर पाडव्याला आणि दर एक जानेवारीला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो. थोडक्यात असा: कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की तिची कायमची सवय होते, एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आधी मनात प्रेरणा पेटली पाहिजे, मग कृती आपोआप होते, आणि इच्छाशक्ती खरी असेल तर बाकी कशाची गरज नाही, वाल्याचा वाल्मीकी झालाच की. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण दारू सोडू पाहणाऱ्या, मधुमेह निघाल्यावर चालायला लागलेल्या किंवा नैराश्यातून वर येऊ पाहणाऱ्या माणसाला हा मजकूर इजा करतो. म्हणून हे उत्तर.

आधी २१चा आकडा. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान सुमारे २१ दिवस जातात. हे एका डॉक्टरचं निरीक्षण होतं, सवयींवरचं संशोधन नव्हतं. ते संशोधन पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी गोष्ट निवडली आणि ८४ दिवस रोजची नोंद ठेवली. ज्यांच्या नोंदींतून सवय मुरण्याचा नीट आलेख मिळाला, त्यांच्यात मधला आकडा ६६ दिवसांचा आला. सर्वांत कमी १८. सर्वांत जास्त २५४, आणि तोही आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर जमली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला.

आणि लंडनपर्यंत जायचं तरी कशाला? आपल्याकडे कितीतरी माणसं श्रावण पाळतात. महिनाभर दारू बंद, मटण-मासे बंद; काही घरांत हे गणपती विसर्जनापर्यंत चालतं. २१ दिवस कधीच उलटून गेलेले असतात. तरी पाळणूक संपली की पहिल्याच रविवारी सगळं पूर्ववत सुरू होतं. श्रावणाकडे मी पुन्हा येणार आहे.

‘एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून’ हा या मजकुरातला सर्वांत क्रूर भाग आहे. लॅलींच्या अभ्यासात एखादा दिवस सुटल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. पण ज्याला शून्याची भीती घातलेली असते, तो एका दिवसाच्या चुकीनंतर ‘आता गेलंच सगळं’ म्हणून आठवडाभर चालायला जात नाही. नुकसान त्या आठवड्याने होतं.

व्यसनाचं मात्र वेगळं सांगायला हवं. तिथे एक घोट पुढच्या घोटाला बोलावतो, त्यामुळे चुकीकडे दुर्लक्ष करू नये. पण ती लपवूही नये. त्याच दिवशी मदत करणाऱ्याला सांगावी. आणि या मजकुराच्या जोशात कुणी आजच्या आज दारू सोडायला निघालं असेल, तर कृपा करून थांबा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे: १४४१६, मोफत, दिवसरात्र.

‘आधी प्रेरणा, मग कृती’. नैराश्याच्या उपचारात नेमकं उलट करतात. मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात ही दिशा दाखवली: उत्साह येण्याची वाट न बघता दिवसात एक छोटं काम ठरलेल्या वेळी करायचं. अंघोळ, गॅलरीत दहा मिनिटं, बहिणीला फोन. मन हळूहळू मागून येतं. अशा माणसाला ‘आतून आग पेटू दे’ म्हणणं म्हणजे जे आजाराने हिरावलंय तेच त्याच्याकडे मागणं.

राहिली इच्छाशक्ती. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला. तिथे असताना साधारण पाचातला एक जण हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. त्या सगळ्यांची इच्छाशक्ती विमानात बसताना एकदम वाढली नव्हती. बदललं ते भोवतालचं: जागा, सोबत, सहज मिळणारा माल, युद्धाची भीती.

श्रावण टिकतो तोही याच कारणाने. घरात मटण-मासे शिजत नाहीत, मित्र आग्रह करत नाहीत, ‘श्रावण आहे’ एवढं म्हटलं की विषय संपतो. महिना सरतो, हा आधार निघतो आणि माणूस एकटा पडतो. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्याचा आधार मात्र निघत नाही. माळकऱ्यापुढे गावजेवणात कुणी मटणाचं ताट ठेवत नाही, एकादशीला भजनाला दिसला नाही तर लोक चौकशी करतात, आषाढीला दिंडी असते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि घरच्यांना सोबत घेण्याला इतकं महत्त्व आहे ते त्यामुळेच.

आणि वाल्या? कथेत नारद भेटतात तो क्षण एकच. पण त्यानंतर तो एका जागी इतका काळ बसतो की अंगावर वारूळ चढतं. मजकूर लिहिणाऱ्यांनी वारूळ गाळलं, आणि वाट दाखवायला आलेला नारदही गाळला.

तुमच्या ओळखीत कुणी दारू सोडायचा प्रयत्न करत असेल तर तो २१ दिवसांचा मजकूर पुढे पाठवू नका. त्याला फोन करा, संध्याकाळी सोबत चालायला जा, आणि पुढच्या वेळी सगळे जमाल तेव्हा बाटली आणू नका.