तुपाचे 29 चमचे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘मुलाच्या ऑटिझमसाठी आईच्या ताटाला दोष देऊ नका’ असं मी गरोदरपणातल्या आहारावरच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयाचा 2016चा उंदरांवरचा प्रयोग मी दडवला. त्यात भरपूर चरबी खाल्लेल्या माद्यांची पिल्लं इतरांत मिसळेनाशी झाली आणि आतड्यातला एक जंतू दिल्यावर सुधारली. तो पाहता गर्भवतीचे डिंकाचे लाडू बंद करून तिला रोज दही द्यावं, असं तुमचं म्हणणं.

प्रयोग खरा आहे आणि नीट केलेला आहे. पण त्यातल्या माद्यांच्या खाण्यात 60 टक्के उष्मांक चरबीतून येत होते, तेही गाभण राहण्याआधी आठ आठवड्यांपासून. हेच माणसाच्या ताटात मांडून बघा. 2200 किलोकॅलरी खाणाऱ्या बाईला रोज साधारण 147 ग्रॅम चरबी लागेल, म्हणजे 5 ग्रॅमच्या चमच्याने तुपाचे 29 चमचे. सकाळचा एक लाडू तिथवर पोचत नाही. (गरोदरपणातला मधुमेह असेल तर लाडू जरूर बंद करा, पण तो गुळासाखरेमुळे.)

आता पिल्लांचं. तीन कप्प्यांच्या पेटीत पिल्लू अनोळखी उंदराजवळ किती वेळ घालवतं, हे तिथे मोजलं. ते कमी भरलं, आतड्यात लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जंतूही कमी होता, आणि तो पिण्याच्या पाण्यातून दिल्यावर पिल्लं पुन्हा मिसळू लागली. उष्णतेने मारलेल्या जंतूंनी मात्र फरक पडला नाही. एवढ्यावरून मुलांच्या ऑटिझमचं कारण सापडलं असं म्हणणं ही फार लांबची उडी झाली.

मुलांमध्ये तर गाडी उलटी धावताना दिसते. ऑस्ट्रेलियात 247 मुलांच्या शौचाचे नमुने तपासले (2021). ऑटिझमच्या निदानाचा जंतूंशी थेट संबंध जवळजवळ नव्हताच. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांच्या पोटात जंतूंचे प्रकार कमी होते. म्हणजे आधी खाण्याचा हट्ट, मग जंतूंतला बदल, असा संशोधकांचा अंदाज.

दह्याचं म्हणाल, तर घरच्या विरजणात रॉयटेरी असेलच याची काही खात्री नाही. इटलीत ऑटिझम असलेल्या 43 मुलांपैकी काहींना याच जंतूचे दोन ठरावीक वाण आणि बाकीच्यांना जंतू नसलेलं नकली औषध सहा महिने देऊन पाहिलं. जंतू घेतलेल्या मुलांचे सामाजिक वागणुकीचे गुण सुधारले, पण ऑटिझमची एकूण तीव्रता आणि तेच ते करत राहणं होतं तसंच राहिलं. शिवाय तिथे औषध मुलांना दिलं होतं, गर्भवतींना नाही.

दही खाऊ द्या, प्रथिनं आणि कॅल्शियमसाठी. दूध तेवढं उकळलेलं किंवा पाश्चराइज्ड असावं. फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. आणि वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, तर आईचे डोहाळे उकरत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची शक्यता चाचपणारी एम-चॅट-आर ही 20 प्रश्नांची चाचणी आहे. ती मागून घ्या.