यादीत ड्रिल मशीन का नव्हतं? अमळनेरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, सुतारकामाच्या पहिल्या हत्यारांची माझी यादी वाचून तुम्ही लिहिलंत, "धारेचा दगड आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) सगळ्यात वर, ड्रिल मशीन नाहीच! तेवढ्या पैशात 20 हत्यारांची तयार पेटी येते. पोरांना मागे नेऊ नका."

ड्रिलचं तुमचं बरोबर आहे. सागवानात काय नि बाभळीत काय, स्क्रू पिळण्याआधी भोक हवंच, आणि नवशिक्याला हाताने भोक पाडायचं गिरमिट लवकर साधत नाही. मशीन यादीत घालतो.

पेटीचं मात्र पटत नाही. तशी एक मी धुळ्याहून आणली होती. त्यात चार पटाश्या, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्न्या, धार एकीलाही नाही. एक ग्राइंडरवर धरली तर टोक निळं पडलं. पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, आणि बाभळीवर दोन घावांतच धार दुमडली. चूक माझी, मला धार लावता येत नव्हती. म्हणून दगड सगळ्यात वर. नव्या पटाशीचीही आधी पाठ दगडावर सपाट करायची, मग धारेकडचा उतार साधारण 25 अंशांत घासायचा. आपल्याकडे हाताशी येतं ते बाभूळ, अंजन असलं कठीण लाकूड, तेव्हा अगदी टोकाला 30 अंश ठेवा, नाहीतर धारेचे कपरे उडतात. आणि धार बोटाने पाहू नका. मऊ फळीच्या कापलेल्या तोंडावर पटाशी चालवा. भुगा न होता पातळ साल सुटली की झालं. 12 आणि 25 मिलिमीटरच्या अशा दोन पटाश्या चारांना भारी आहेत.

गुण्या दुकानातच तपासा. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, तो पालथा करून तिथूनच दुसरी मारा. रेघा फाकल्या तर घेऊ नका. गुण्याच खोटा असेल तर चौकट तिरपी होणार, मशीन कितीही महाग असो.

करवत आणि रंध्याबद्दल तुमची तक्रार नाही. हातोडीचं तेवढं राहून गेलं होतं. आपल्या मे महिन्यात दांडा सुकून आकसतो आणि डोकं सैल होतं. ते निसटून कुणाला लागण्याआधी पाचर ठोकून घ्या.

सागवानात स्क्रूसाठी तुम्ही भोक किती मापाचं पाडता, तेवढं कळवा. यादीत ड्रिलपुढे तेच माप लिहितो.